दोन चेंडूंचा फॉरवर्ड

मुरबाड, ता. ८ जानेवारी १९३९

चि. देवजीस सावळारामाचे आशीर्वाद.

आत्याचा गुडघा कसा आहे? वैद्याचं तेल पाठवतो, पण तिला सांग, ते लावायचं असतं, फळीवर मांडून ठेवायचं नसतं.

आता कामाचं. भातं झोडून झाली, खाचरं मोकळी झाली. आमच्या मंडळाने भातगिरणीमागच्या चार खाचरांचे बांध फोडून फुटबॉलचं मैदान केलं आहे. गिरणीचे मालक अध्यक्ष झाले. मला तोलाईच्या काट्यावरून उठवून चिटणीस केलं, म्हणजे आता दोन्ही कामं मीच करायची. संघात बॅक आहेत, हाफ आहेत, गोली तर दारात म्हैस आडवी उभी राहावी तसा आहे. फक्त गोल करणारा माणूस नाही.

तुमचा चांगो मला हवा आहे. तुझ्या वखारीत ओंडके ओढतो तोच, सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतला. गेल्या वर्षी तो तुमचा सेंटर-फॉरवर्ड होता, आणि यंदा चारही सामने तुम्ही त्याला बांधावर बसवलात असं ऐकतो. बसवायचाच असेल तर आम्हांला द्या. मालक त्याला गिरणीत जागा देतील, पण अट अशी की त्याने यंदाच्या शील्डच्या सामन्यांत आमच्याकडून खेळलं पाहिजे. त्याची बायको राही पोटुशी आहे, चैत्रात मोकळी होईल. मुरबाडहून दुपारी निघाला तर दिवेलागणीला तो घरी असतो. शहापूरहून वाटेत मुक्काम पडतो. बाजारात भेटला तेव्हा मला म्हणाला, "दादा, काय बी करा पन मना हिकडं आना."

शील्डच्या नियमाप्रमाणे तुमच्या मंडळाची सोडचिठ्ठी लागते आणि तिच्या बदल्यात तुम्ही काही मागू शकता. आमच्याकडे दोन कोरे चेंडू आहेत, ब्लॅडरसकट. तुझ्या कोंडूशेठना विचार आणि कळव.

तुझा,
सावळाराम


शहापूर, ता. १४ जानेवारी १९३९

रा. रा. सावळारामदादा यांस देवजीचा नमस्कार.

आपले पत्र पोहोचले. आईने तेल मागितले आहे. लावण्याविषयी ती काही बोलली नाही.

कोंडूशेठ वखारीचे मालक आणि मंडळाचे अध्यक्षही असल्यामुळे मी त्यांना जेवणानंतर, पान लावताना विचारले. ते म्हणाले, "सोडू की! पण मागायचं काय ते तू काढ. वही तुझ्याकडे आहे ना?" वही म्हणजे मंडळाच्या सामन्यांची नोंद. ती तीन वर्षे मी ठेवतो. संघही शेठ त्या वहीवरूनच निवडतात, म्हणून मी ती फार जपून लिहितो.

माणसाची किंमत कशी काढतात हे मला कोणी शिकवलेले नाही. मला सागाच्या ओंडक्याची येते. मधला घेर घ्यायचा, त्याचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. मग पोकळी आणि चिरा यांची वजावट. दुसरी पद्धत माहीत नसल्यामुळे मी हीच लावली. आमचा चंदर, म्हणजे शेठचा पुतण्या, याचे गेल्या वर्षी बारा गोल आहेत. तो चार चेंडूंना पडेल असे शेठ नेहमी म्हणतात. म्हणजे तीन गोलांस एक चेंडू. चांगोचे अकरा सामन्यांत दोन गोल. म्हणजे पाऊण चेंडूहून कमी. तो चार सामने बसून आहे, ती चीर धरून वजावट केली तर अर्धा चेंडू उरतो. अर्धा चेंडू देता-घेता येत नाही, म्हणून मी "एक वापरलेला चेंडू" असे लिहिले. मी हिशेब तीनदा तपासला.

शेठ हसून म्हणाले, "घेऊन जा म्हणावं." तेव्हा आपले काम झाले असे समजावे. नोंदीचा उतारा सोबत जोडला आहे.

आपला,
देवजी


मुरबाड, ता. २१ जानेवारी १९३९

चि. देवजी,

तुझा उतारा मंडळापुढे वाचला आणि माझीच फजिती झाली. मी आपला दोन चेंडू घेऊन तयार, आणि तू मागतोस एक, तोही वापरलेला! मालकांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "सावळाराम, अकरा सामन्यांत दोन गोल? फाटक्या चेंडूच्या माणसाला मी गिरणीत जागा देऊ? त्यापेक्षा तुमचा गोली पुढे खेळवा, निदान समोरचे घाबरतील तरी." सगळे हसले. जागेचं नाव कोणी काढलं नाही.

अरे, स्वस्त मागितलंस तर आम्ही खूश होऊ असं तुला वाटलं का? मोफत वांगी कोणी घेतं का, आधी फोडून बघतात.

आणि मला एक सांग. गेल्या वर्षी मुरबाडच्या सामन्यात चांगोने आमच्यावर दोन गोल केले. मी गोलीच्या मागे उभा होतो. दुसरा चेंडू माझ्या पोटावर येऊन बसला, दोन दिवस दुखत होतं. म्हणजे एकट्या आमच्यावरच दोन. मग बाकीचे दहा सामने त्याने काय गवत उपटलं?

वही पुन्हा बघ.

सावळाराम


शहापूर, ता. २७ जानेवारी १९३९

रा. रा. सावळारामदादा यांस,

आपले पत्र वाचून मला वाईट वाटले. मला शाळा सहावीत सोडावी लागली, पण माझ्या वहीत खाडाखोड नाही. मी टेबल तंबूत, मैदानाच्या कडेला बरोबर मध्यावर मांडतो. मला सर्व दिसते. खेळाडूचे नाव, मिनिट, शिटी, सर्व काही मी टिपतो. मुरबाडचा सामना ता. २० मार्च १९३८, रविवार. आपल्यावर गोल दोन, आणि दोन्हींपुढे नाव चंदरचे आहे. आपल्या पोटावर चेंडू बसला असेल, ते मी नाकारत नाही, परंतु गडबडीत तो कोणी मारला हे आपल्याला नीट दिसले नसेल.

चांगोला मी चांगला ओळखतो. कामाला वाघ आहे. तो रोज दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहतो आणि विचारतो, "मुरबाडची चिठी आली का, भाऊ?" मला उत्तर द्यायला बरे वाटत नाही. पण त्याला बरे वाटावे म्हणून मी गोल कसे लिहू?

देवजी


मुरबाड, ता. ३१ जानेवारी १९३९ (कार्ड)

देवजी, माझं पोट खोटं बोलत नाही. एवढंच सांग, गोल करणाऱ्याचं नाव तू कधी लिहितोस? चेंडू आत गेला तेव्हा, की नंतर? आणि चिडू नकोस. चांगोलाच विचार. – सा.


शहापूर, ता. ९ फेब्रुवारी १९३९

सावळारामदादा,

हे पत्र लिहायला मी चार दिवस टाळाटाळ केली. आधी एक गोष्ट कबूल करतो, जी मी आईलाही सांगितलेली नाही. मला लांबचे दिसत नाही. तंबूपासून दोन्हीकडचे गोलाचे खांब मला धुक्यात असल्यासारखे दिसतात. ओरडा झाला की गोल झाला हे कळते, कोणी केला हे कळत नाही. शेठना सांगितले असते तर त्यांनी वही काढून घेतली असती, कदाचित वखारीतली मोजणीही.

म्हणून मी एक युक्ती केली होती. सामना संपला की शेठ, ज्याने गोल केला त्याला एकेका गोलाबद्दल एक नारळ देतात. तो माझ्या टेबलासमोर देतात. ज्याच्या हातात नारळ, त्याचे नाव मी लिहीत असे. शेठही सामनाभर पाहुण्यांशी बोलत बसतात, त्यांनाही नारळ घ्यायला येतो तोच ठाऊक. तीन वर्षे हे बिनचूक चालले, असे मी समजत होतो.

आपले कार्ड आल्यावर मी चांगोला ओंडक्यांच्या राशीमागे गाठले. "चांगो, मुरबाडवर गोल कोणी केले?"

"मीच क्येले की. दोनी."

"मग नारळ चंदरने का घेतले?"

"मना नारल चालत नाय, भाऊ. पयले दोन घेतले व्हते, मंग माज्या आयेनं देवाला बोलून ठेवला. दोन पोरां गेली आमची. तिसरा पालन्यात हसत नाय तवर मी नारलाला हात लावायचा नाय. चंदर मना बॉल द्यायचा, म्हनून मी त्यालाच म्हनायचो, जा रे, तू घे. त्याचे घरी कालवनाला व्हतो."

"अरे, मग मला सांगायचं नाहीस? मी चंदरचं नाव लिहिलं!"

त्याने हातातला दोर खाली टाकला. "तुमी गोल लिवत व्हते? आमाला वाटला, शेटचे नारल लिवताव. शेट वखारीत लाकडाची चिपाटी बी मोजून देतो, मंग नारल नाय मोजनार?"

मागे उभा असलेला त्याचा जोडीदार धाकलू एवढा हसला की त्याच्या खांद्यावरून पहार पडली. "म्हनजे आमचा बॅक बारकू दोन वर्सां गोल करतोय का काय वहीत? त्याला शेटनं एकदा ताप आला व्हता म्हनून नारल दिला व्हता!" मी पाहिले. बारकूच्या नावावर एक गोल आहे.

मी प्रत्येकाला वेगवेगळे गाठून विचारले, चंदरलाही. तो सरळ मुलगा आहे. म्हणाला, "देवजी, मला काय माहीत तू ते गोल म्हणून धरतोस? आमची धोंडूकाकू तर विचारायची, एवढे नारळ कुठून येतात रे." सर्वांचे जुळवून खरा आकडा असा निघतो: चंदर पाच, चांगो नऊ.

दादा, त्याला बांधावर माझ्या वहीने बसवले. चार सामने तो तिथे बसून गवताच्या काड्या मोडत होता आणि मी टेबलावरून त्याला बघत होतो. तेवढ्या अंतरावरचे मला दिसते.

आता मी काय करू ते सांगावे. वही दुरुस्त केली तर आपले मालक खूश होतील, पण शेठ त्याला सोडणार नाहीत. न केली तर शेठ सोडतील आणि आपले मालक घेणार नाहीत.

देवजी


मुरबाड, ता. १३ फेब्रुवारी १९३९

चि. देवजी,

डोळ्यांचं तू मला सांगितलंस हे बरं केलंस. कल्याणला चष्मेवाला बसतो, शील्ड संपली की आपण जाऊ. आत्याला मी सांगत नाही.

आता ऐक, आणि एकदा तरी थोरल्याचं ऐक. पाच लिही. नऊ नको, दोन नको. पाच म्हणजे आमच्या मालकांना पुरे, आणि तुमच्या शेठच्या पोटात दुखायला कमी. पाचांचे होतात पावणेदोन चेंडू, आम्ही देतो दोन. सगळे खूश. चांगो घरी, तू मोकळा, माझ्या डोक्याची कटकट गेली. कोणाचं नुकसान नाही.

लगेच कर. इथे जागेसाठी एक जण रोज मालकांच्या ओटीवर येऊन बसतो.

सावळाराम


शहापूर, ता. २० फेब्रुवारी १९३९

सावळारामदादा,

मी पाच लिहायला बसलो होतो. उतारा करताना प्रत्येक गोलापुढे सामना आणि तारीख द्यावी लागते. नवांतले चार खोडायचे तर कोणते? तलावावरच्या संघावरचा खोडू, ज्याच्यासाठी त्याचा अंगठा फुटला? मुरबाडचे खोडू, जे आपण स्वतः पाहिले? मी दौत उघडून तासभर बसलो आणि शेवटी नऊच्या नऊ लिहिले. एकदा त्याचे चुकीचे लिहिले आहे, पुन्हा जाणूनबुजून मला जमले नाही.

शेठना वही दाखवली. पुतण्याचे बाराचे पाच झालेले बघून ते प्रथम माझ्यावर ओरडले. मी नारळांचे सांगितले. डोळ्यांचे सांगितले नाही, एवढा मी भित्रा आहे. मग त्यांनी वहीची पाने मागेपुढे उलटली आणि म्हणाले, "नऊ? आणि तू त्याला एका फाटक्या चेंडूवर घालवत होतास? मुरबाडला कळव. चार कोरे चेंडू, पंप आणि गोलाची जाळी. नाहीतर येत्या सामन्यापासून चांगो मध्ये खेळेल."

मी म्हणालो, "शेठ, त्याची बायको अवघडली आहे."

"बायका अवघडतातच. शील्ड वर्षातनं एकदा येते."

चांगोला हे मी सांगितले. त्याला आनंद होईल असे क्षणभर मला वाटले होते, कारण पुन्हा संघात घेतले होते. तो म्हणाला, "तुमी चांगलाच क्येला, भाऊ. खरा लिवला." आणि पुन्हा ओंडक्याला दोर लावू लागला. तेव्हापासून तो चिठ्ठीचे विचारायला टेबलाशी येत नाही.

देवजी


मुरबाड, ता. ३ मार्च १९३९

देवजी,

तुझं खरेपण घेऊन मी कुठल्या बाजारात जाऊ? चार चेंडू आमच्याकडे जन्मात नव्हते. जाळी तर आम्ही अजून पाहिलेली नाही. मालकांना तुझा नवा उतारा फार आवडला. म्हणतात, "हाच माणूस हवा." पण दोन चेंडूंच्या वर चेंडू आवळायची एक वादीही देणार नाहीत, आणि पाडव्यापर्यंत आला नाही तर जागा दुसऱ्याला.

काल बाजारात चांगोची आई बाईजा भेटली. करवंदांच्या जाळ्या फुलल्यात एवढंच आधी बोलली. मग म्हणाली, "सुनंचे पाय सुजल्यात. ती बोलत नाय, पन वाटंकडं बघत बसते." तिला मी काय सांगणार? की तुझ्या पोराचे गोल जास्त झाले म्हणून?

तू पाच लिहायला हवे होतेस. मी रागावलो आहे, आणि हे लिहूनही राग गेलेला नाही.

सावळाराम


शहापूर, ता. १४ मार्च १९३९

रा. रा. सावळारामदादा यांस देवजीचा नमस्कार.

सोबत सोडचिठ्ठी आहे. हे पत्र टपालाने न पाठवता चांगोच्याच हाती देत आहे. कसे झाले ते लिहितो, कारण आपल्याशिवाय मी ते कोणालाही सांगू शकत नाही.

परवा रविवारी तलावावरच्या संघाशी आमचा सामना होता. हरलो तर शील्डबाहेर. मी या वेळी टेबल तंबूत मांडले नाही. शेठना सांगितले की वाऱ्याने पाने उडतात, आणि समोरच्या संघाच्या गोलामागे बांधावर जाऊन बसलो. तिथून मला सर्व दिसत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी फुटबॉलचा सामना पाहिला, असे म्हटले तरी चालेल.

चांगो धानाच्या बुडख्यांवरून अनवाणी असा पळत होता की बॅक दोघेही त्याच्या मागे ओढले जात. सातव्या मिनिटाला चंदरने त्याच्याकडे चेंडू दिला. समोर एकटा गोली, तोही उजवीकडे पडलेला. डावीकडे बैलगाडी जाईल एवढी जागा मोकळी. चांगोने मान वर केली आणि गोलीच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिले. मग मारला. चेंडू खांबाच्या बाहेरून, माझ्या वहीवरून गेला.

पहिल्यांदा मला वाटले, चुकला. असे सात वेळा झाले. सातही वेळा मारण्याआधी त्याने कुठे मारायचे ते नीट पाहून घेतले. माणूस चुकतो तेव्हा चेंडू कधी वर जातो, कधी खाली, कधी गोलीच्या हातात. हे सातही खांबापासून हातभर बाहेर गेले, एकाच उंचीने. घेर मोजावा तसे.

लोक फार बोलले. "नारळ दे रे त्याला, सात नारळ!" "चांगो, खांब सरकवू का?" धाकलू त्याचा मित्र, पण तोसुद्धा म्हणाला, "मेल्या, वाडीतली म्हातारी बी मारंल!" चंदर शेवटी रडायला आला होता. त्याचे मला वाईट वाटते, त्याने सर्व चेंडू चांगले दिले होते. आम्ही एका गोलाने हरलो.

संध्याकाळी शेठ तंबूत तांबडेलाल होऊन बसले होते. "वही आण." मी उघडून दिली. सात ओळी, सातही ठिकाणी "बाहेर". शेठ म्हणाले, "नऊ गोल म्हणे! देवजी, तुझी जुनी वहीच खरी होती. या पोरांनी मिळून तुला शेंडी लावली. मुरबाडवाल्यांचे दोन चेंडू अजून आहेत का? मग उद्याच्या उद्या चिठ्ठी लिही, त्यांना अक्कल यायच्या आत."

मी वही मिटली. नऊ खरे आहेत, हे मी पंधरा जणांना विचारून ठरवले आहे. ते सांगितले असते तर चिठ्ठी गेली असती. शेठना वाटते मी मूर्ख आहे. गावाला वाटते चांगो सात वेळा हुकला. आणि वहीत एकही अक्षर खोटे नाही. मला अजून झोप नीट लागत नाही.

वहीत प्रत्येक ओळीपुढे मी शेऱ्याचा रकाना आखतो. घसरला, ढकलला गेला, ऊन डोळ्यांवर होते, असे काहीतरी त्यात असतेच. या सात ओळींपुढे मी काही लिहिलेले नाही.

आज सकाळी तो निघायला आला. एक घोंगडी आणि राहीसाठी घेतलेले लुगडे. मी चिठ्ठी त्याच्या हातात दिली आणि न राहवून विचारले, "चांगो, ते सात तू मुद्दाम मारलेस ना?"

तो म्हणाला, "तुमी वहीत काय लिवलाव?"

"बाहेर."

"मंग बाहेर," तो म्हणाला आणि चिठ्ठी फेट्यात खोवली.

दादा, तो या पत्रासाठी बाहेर थांबला आहे, मग किन्हवलीवरून चालत येईल. उद्या मुरबाडला पोहोचेल. मालकांना मैदानावर त्याला लगेच उतरवायची घाई असेल, कारण त्यांना नऊ गोलांचा माणूस मिळाला आहे. पण आपण चिठ्ठी घ्या, नाव नोंदवा आणि त्याला तसाच पुढे वाडीला लावून द्या. दोन चेंडू सवडीने पाठवले तरी चालतील.

आपला,
देवजी